मान वळेना? चोळू नका, दाखवा

आपल्या मानेत सात मणके असतात. त्यांपैकी वरच्या दोघांची तऱ्हा निराळी आहे. पहिल्याचे नाव ‘अ‍ॅटलस’. ग्रीक पुराणात आकाश पेलून धरणाऱ्याचे हे नाव. (आपल्याकडे बारसे झाले असते तर ‘शेष’ ठेवले असते!) हा मणका कड्यासारखा गोल असतो आणि दुसऱ्या मणक्यावरच्या दातासारख्या हाडाभोवती फिरतो, जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसा. मान डावी-उजवीकडे वळते त्यातले जवळजवळ निम्मे वळण या एका सांध्यात होते. खुंट्याच्या मागूनच मज्जारज्जू जातो.

क्षय म्हटले की खोकला आठवतो. पण रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिलेला हा जंतू रक्तावाटे हाडांतही पोहोचतो. वरच्या दोन मणक्यांचा क्षय विरळाच, पण तो खुंट्याला जागेवर धरणारे बंध सैल करतो. हाड सरकले की मज्जारज्जू दाबला जातो. हातापायांतली शक्ती जाते, जिवावरही बेतू शकते.

सुरुवात मात्र साधी असते, आणि तिथेच फसगत होते. मान अवघडते. घरचे दप्तराला दोष देतात, उशी बदलतात, तेल चोळतात, नाहीतर मान ‘मोडून’ देणाऱ्याकडे नेतात. हे शेवटचे तर मुळीच करू नये. दुखणे दोन-तीन आठवडे हटत नसेल, मूल उठताना डोके दोन्ही हातांनी सावरत असेल, गिळताना त्रास होत असेल (घशामागे पू साठतो), बारीक ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हातापायांत अशक्तपणा वाटला तर त्याच दिवशी. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसेलच असे नाही; एमआरआयमध्ये कळते. शक्य तेथे पू काढून तपासतात, म्हणजे जंतू औषधांना दाद देतो की नाही तेही समजते.

उपचाराचा कणा म्हणजे गोळ्या. नेहमीच्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे, पुढे दहा महिने तीन. गरज पडल्यास एकूण अठरा महिन्यांपर्यंत. फुप्फुसाच्या क्षयाला बहुधा सहा महिने पुरतात, म्हणून कोणीतरी ‘आता बस्स’ म्हणतेच. ऐकू नये. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. नजर अंधुक झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगावे. सरकारी केंद्रात ही औषधे मोफत मिळतात. आहारासाठीची मदतही नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा हजार रुपये झाली आहे.

सोबत मान स्थिर ठेवावी लागते: कडक पट्टा, किंवा डोक्याभोवतीचे कडे जाकिटाला जोडलेली चौकट. शस्त्रक्रिया सर्वांनाच लागत नाही. आधी औषधे व विश्रांती, गरजेपुरतीच शस्त्रक्रिया, हा ‘मध्यम मार्ग’ बनारसच्या डॉ. सु. मो. तुली यांनी १९७५ साली मांडला. हाड सरकले असेल किंवा अशक्तपणा वाढत असेल तर दोन्ही मणके जोडतात. त्यासाठी पट्टी-स्क्रूची पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल व डॉ. लाहेरी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरतात. जोडल्यावर मान पूर्वीइतकी वळत नाही, पण मज्जारज्जू वाचतो.

नुसता मणक्यांचा क्षय शेजारी बसल्याने पसरत नाही. फुप्फुसे तेवढी तपासून घेतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की पट्टा लावलेले मूल शाळेत येऊ शकते. त्याला फळ्याच्या अगदी समोरचा बाक द्यावा, आणि मागून हाक मारू नये.