पंजा आणि वाटी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो तेव्हा अनेक गावांतल्या शाळा बंद असतात. हा दिवस वर्षानुवर्षे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी यायचा. २०१९ पासून तो शनिवारवर आला, तरी सोमवारची सुट्टी बऱ्याच शाळांनी सोडलेली नाही. हंगामाआधी जुन्या बंदुकांच्या दुकानांत जी वर्दळ असते, तिच्यात एक प्रश्न हमखास निघतो. मांडणीवर दोन वापरलेल्या रायफली शेजारी शेजारी उभ्या असतात: १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७० आणि रेमिंग्टन मॉडेल ७००. दोन्ही .३०-०६ या एकाच काडतुसाच्या. दोन्हींना अक्रोडाचा दस्ता आणि हाताने मागेपुढे सरकवायचा बोल्ट. नवख्या माणसाला लांबून फरक कळणार नाही, पण पहिलीची किंमत दुसरीपेक्षा बरीच जास्त असते. नेमही पहिलीचा अधिक अचूक असेल म्हणावे, तर तसेही नाही. कितीतरी वेळा उलटेच असते.

हे कोडे सुटते ते बोल्टच्या टोकाशी, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत.

काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडाला एक बारीक कड असते. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर ओढायची तर ती कड पकडावी लागते. १८९० च्या दशकात ओबर्नडॉर्फ या जर्मन गावातल्या पॉल माउझरने त्यासाठी बोल्टच्या कडेने एक लांब पोलादी पट्टी बसवली आणि तिच्या टोकाला रुंद पंजा ठेवला. काडतूस मॅगझिनमधून वर येताच त्याची कड पंजाखाली सरकते. तिथपासून पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत काडतूस त्या पकडीतून सुटत नाही. घाबरलेल्या शिपायाने बोल्ट अर्धा पुढे ढकलून परत मागे घेतला, तर तेच काडतूस त्याच्याबरोबर मागे येते. एकामागे एक दोन काडतुसे घुसून बंदूक अडकत नाही. ही रचना पूर्णत्वाला पोचलेली रायफल जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारली, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत बोल्टच्या रायफलींचा विचार तिला वगळून कोणालाच करता आला नाही. अमेरिकी सरकारने आपल्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी माउझरच्या कल्पना उचलल्या आणि नंतर पेटंटपोटी त्याच्या कंपनीला दोन लाख डॉलर मोजले. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफलही माउझरच्याच रचनेची होती.

विंचेस्टरची मॉडेल ७० ही या घराण्यातली अमेरिकी लेक. कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरी, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बाजारात आली. पंजा माउझरचा, पण चाप नव्याने आखलेला. इतका साधा आणि उघडा की त्यात घाण साचली तरी काड्याकाटक्यांसकट झटकून टाकता यावी. सेफ्टी तीन जागी थांबणारी. अगदी मागे ओढली की चाप आणि बोल्ट दोन्ही बंद. मधल्या जागी चाप बंदच राहतो, पण बोल्ट उघडून काडतुसे काढता येतात. पुढे ढकलली की बंदूक तयार. शिवाय ती सेफ्टी चापाला नव्हे, थेट काडतुसावर आदळणाऱ्या पिनेलाच अडवते. माझ्या मते या रायफलीच्या कीर्तीचा खरा आधार पंजापेक्षाही ही सेफ्टी आहे, फक्त ती जाहिरातीत तितकी उठून दिसत नाही. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून बंदुकांवर लिहिणारा जॅक ओकॉनर याने मॉडेल ७० आणि .२७० विंचेस्टर काडतूस ही जोडी दोन पिढ्यांच्या गळी उतरवली. त्या काळात त्याच्या शब्दावर लोक रायफल निवडत.

पंजाला एक किंमत मोजावी लागते. त्याला आत शिरायला जागा हवी म्हणून नळीच्या मागच्या तोंडाला खाच पाडावी लागते आणि पुंगळीच्या बुडाचा थोडा भाग उघडा राहतो. पुंगळी फाटलीच, तर तप्त वायू मागे शिकाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. जुन्या मॉडेल ७० मध्ये हा वायू बाजूला वळवण्याची सोय मूळ माउझरइतकी चांगली नाही. तिचे भक्त हा मुद्दा सहसा काढत नाहीत.

रेमिंग्टनच्या माइक वॉकर या अभियंत्याने नेमके इथेच बोट ठेवले. १९४८ मध्ये आलेल्या ७२१ आणि ७२२ या मॉडेलांत त्याने बोल्टचे टोक वाटीसारखे खोल केले. काडतुसाचे बूड त्या वाटीत बसते, वाटीभोवती नळीचे पोलाद येते आणि त्याभोवती रिसीव्हरचे, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याचे. पोलादाची तीन कडी, अशी कंपनी जाहिरात करी, आणि त्या जाहिरातीत अतिशयोक्ती फारशी नव्हती. पंजाची जागा वाटीच्या आत बसवलेल्या एका पातळ वळणदार पट्टीने घेतली. काडतूस आता पकडीत येत नाही, नुसते पुढे ढकलले जाते. बोल्ट पूर्ण बंद होताना ती पट्टी कडेवर चढते. यात दोन काडतुसे अडकण्याचा धोका आहे, पण पेनसिल्व्हेनियाच्या रानात उभ्या माणसाला तो कितीदा भोवणार? अंगावर येणाऱ्या रानरेड्यासमोर हा प्रश्न जिवाचा आहे, शंभर पावलांवरच्या हरणासमोर नाही.

हीच रचना सुधारून १९६२ मध्ये मॉडेल ७०० आले. त्याचा रिसीव्हर मुळात गोल आहे, म्हणून लेथवर पटकन आणि सरळ उतरतो. धक्का झेलणारा भाग म्हणजे नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दाबून बसवलेली जाड चकती, आणि बोल्टची मूठ पितळेच्या डाकाने जोडलेली. हे वाचून जुन्या घडणीचा माणूस नाक मुरडतो, आणि मूठ निखळल्याच्या घटना घडल्याही आहेत. तरीही गोल रिसीव्हर दस्त्यात सारखा बसतो आणि पिन झटकन आदळते, त्यामुळे साध्या कारखानी ७०० चा नेम थक्क करतो. अमेरिकी मरीन दलाने १९६६ मध्ये आपली एम-४० ही नेमबाजांची रायफल याच मॉडेलवर बेतली. त्यापूर्वी त्यांचे नेमबाज व्हिएतनाममध्ये मॉडेल ७० वापरत होते.

रेमिंग्टन हे नाव मराठी माणसाला बंदुकीआधी टंकलेखन संस्थेतून कळलेले असते. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावच्या याच रेमिंग्टनांनी १८७३ मध्ये शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकयंत्र बनवायला घेतले आणि १८८६ मध्ये तो धंदा विकून टाकला. मराठी टंकलेखनाच्या कळपाटाला रेमिंग्टन म्हणतात ते त्याच नावावरून. इलियनचा बंदुकांचा कारखाना मात्र २०२४ पर्यंत चालला.

मग १९६४ ची रेघ कुठून आली? जुन्या मॉडेल ७० चा रिसीव्हर घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून एकेक कापा घेत कोरावा लागे. मजुरी वाढत गेली आणि शेजारी गोल, स्वस्त ७०० उभी राहिली. विंचेस्टरने हार मानली. १९६४ मध्ये पंजा काढला, बोल्टला वाटी दिली आणि दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी यंत्राने दाबून उमटवायला सुरुवात केली. यांत्रिकदृष्ट्या नवी रायफल वाईट नव्हती. वायूच्या बाबतीत ती अधिक सुरक्षितच होती. पण गिऱ्हाइकाने ती हातात घेतली आणि दाबलेली जाळी बोटांना कळली. तेव्हापासून ‘६४ पूर्वीची’ हे शब्द बाजारात किमतीसारखे चालू लागले. तोवर त्या मॉडेलचे अनुक्रमांक पाच लाख ऐंशी हजारांपुढे गेले होते, म्हणजे ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. दुर्मीळ आहेत त्या काही ठरावीक काडतुसांसाठी बनलेल्या रायफली, उदाहरणार्थ .३०० सॅव्हेज किंवा ७ मिलिमीटर माउझर. म्हणूनच साध्या .३०-०६ ची नळी काढून दुर्मीळ काडतुसाची बसवणारे ठगही या बाजारात आहेत.

जाणता माणूस म्हणून आधी तारीख पाहतो. विंचेस्टरच्या नळीवर खालच्या बाजूला, दस्त्यात झाकलेल्या जागी, वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. नळी आणि रिसीव्हर यांची वर्षे जुळली नाहीत तर प्रश्न विचारायचे. रेमिंग्टनची पद्धत अधिक मजेदार आहे. ‘ब्लॅक पावडर’ या इंग्रजी शब्दांत अकरा अक्षरे आहेत आणि एकही दोनदा येत नाही. त्यांच्या शेवटी एक्स जोडला की बारा होतात. बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, असे करत एक्स म्हणजे डिसेंबर. दुसरे अक्षर वर्ष सांगते.

त्यानंतर नळी. आतल्या पेचदार खाचा .३०-०६ मध्ये साधारणपणे दहा इंचांत एक वळसा घेतात. १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने बाहेर पडते तेव्हा ती सेकंदाला सव्वातीन हजार गिरक्या घेत असते. हे सगळे बळ काडतूस बसते त्या चेंबरपुढच्या पहिल्या बोटभर नळीवर येते आणि तिथले पोलाद उष्णतेने भेगाळते. पण हरणाचा शिकारी वर्षाला दहा-वीस गोळ्या झाडतो, त्यामुळे साठ वर्षांची रायफलही तिथे जवळपास कोरी निघते. तिला मारतात ते गंज आणि गज. नळी पुढच्या तोंडातून साफ करत राहिले की गज त्या तोंडाच्या कडेवर घासतो. शेवटच्या क्षणी गोळीला एका बाजूने किंचित जास्त वायू लागतो आणि नेम बिघडतो.

गंजाची गोष्ट जास्त खोल आहे. १९५० च्या दशकापूर्वीच्या अमेरिकी लष्करी .३०-०६ काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे क्लोराइडचे क्षार राहतात आणि मिठासारखे हवेतले पाणी ओढतात. तेलाने ते निघत नाहीत, त्यांना पाणीच लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी काडतुसे स्वस्तात मिळाली, अनेकांनी ती झाडून नळी नुसती तेलाने पुसली, आणि आत कायमचे खड्डे पडले. जुन्या विंचेस्टरमध्ये हे आधी शोधावे. ७०० बहुधा या संकटानंतरची असल्याने वाचलेली असते.

७०० चे दुखणे चापात आहे. वॉकरच्या चापात एक छोटा सुटा जोडतुकडा आहे. त्याच्या फटीत कचरा किंवा घट्ट झालेले तेल अडकले तर सेफ्टी सोडताना गोळी सुटू शकते, अशा तक्रारींवर बरेच खटले झाले. कंपनीने दोष नाकारला, पण सुमारे ७५ लाख बंदुकांना लागू होणारी तडजोड झाली आणि अनेकांना चाप फुकट बदलून मिळाले. वॉकरच्या चापाची जागा घेणारा नवा चापही २०१४ मध्ये परत मागवावा लागला. त्यात १९८२ पूर्वीच्या ७०० मध्ये सेफ्टी लावल्यावर बोल्ट उघडतच नाही. काडतूस काढायचे तर आधी सेफ्टी सोडावी लागते, म्हणजे धोका नेमका त्याच क्षणी. अशी रायफल घ्यायचीच असेल तर बंदूक-कारागिराकडून चाप बदलून घेण्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी.

विंचेस्टरला उलट जास्तीचा मुलामा मारक. फिकट झालेल्या रायफलीला कोणी नवा निळसर-काळा रंग चढवला असेल तर ठोकलेल्या अक्षरांच्या धारा बोथट दिसतात आणि संग्राहक पाठ फिरवतो. युद्धापूर्वीच्या रिसीव्हरांना मागच्या पुलावर दुर्बिणीसाठी भोके नव्हती. मालकाने नंतर पाडलेली दोन भोकेही तिची किंमत खाली आणतात. ज्याला शिकारच करायची आहे त्याने नेमकी अशी भोके पाडलेली, रंग चढवलेली मॉडेल ७० शोधावी. पंजा तोच, सेफ्टी तीच, आणि संग्राहकाची स्पर्धा नाही. तशी न मिळाली तर चाप बदललेली आणि तोंडाची कड शाबूत असलेली ७०० हरणांसाठी पुरून उरते, आणि उरलेल्या पैशांत चांगली दुर्बीण येते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ही निवड इकडे कोणाला करावी लागत नाही. तिकडे मात्र तिसरा पर्याय विंचेस्टरनेच उभा केला. १९९० च्या दशकात यंत्रे संगणकावर चालू लागली, तोच पंजा कमी मजुरीत कोरता येऊ लागला, आणि ‘क्लासिक’ नावाने तो मॉडेल ७० वर परत आला. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. त्या मधल्या वर्षांतल्या, पंजा असलेल्या आणि ‘६४ पूर्वीची’ ही बिरुदावली नसलेल्या रायफली त्याच मांडणीवर, बहुतेकदा त्या दोघींच्या मधल्या किमतीला उभ्या असतात.