हाताखाली चार बायका घेताना

चैत्र-वैशाखात रत्नागिरीतल्या कितीतरी अंगणांत आंबापोळीची ताटं वाळत असतात. आधी घरापुरती, मग नात्यागोत्यात पाठवण्यापुरती. आणि पुढे मुंबईहून मागणी आली, की एकटीच्या हातून काम उरकत नाही. मग शेजारपाजारच्या चार बायका हाताखाली येतात. कुणी रस काढते, कुणी कोकमं फोडते, कुणी ओले काजू सोलते. भगिनींनो, त्या दिवसापासून तुम्ही नुसत्या गृहिणी राहत नाही. कायद्याच्या लेखी 'मालक' होता!

"अहो, त्या काय घरच्यासारख्याच!" असं आपण सहज म्हणतो. पण मजुरी 'बघू, देऊ काहीतरी' अशी मोघम ठेवली, की हंगाम संपताना दोन्हीकडची मनं खट्टू होतात. म्हणून आधीच नीट बोललेलं बरं.

मजुरी किती द्यायची? २०१९ सालची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. 'माझ्याकडे चारच तर बायका' म्हणून तिच्यातून सुटका नाही. किमान वेतनाचे दर राज्य सरकार ठरवतं आणि ते बदलत असतात. हंगामाआधी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करा. काजू किलोच्या भावाने सोलून घेतले, तरी दिवसभर राबणाऱ्या बाईच्या पदरात त्या दिवसाच्या किमान वेतनाहून कमी पडता कामा नये.

गड्याला जास्त, बाईला कमी? सर्रास चालतं खरं. पण समान कामाला समान वेतन हा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे, आणि नव्या संहितेतही ते तत्त्व कायम आहे. बायकांनीच बायकांना कमी द्यावं, याला काय म्हणावं? बाग राखायला ठेवलेल्या नेपाळी गड्याचंही तसंच. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तो इथे कामाला येऊ शकतो. घरापासून लांब आहे म्हणून त्याची मजुरी कापू नये.

पैसे कधी? रोजंदारीचे त्याच दिवशी काम संपताना, आठवड्याचे सुट्टीच्या आधी, महिन्याचे पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं वा सोडवलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा. उचल दिली असेल तर ती वळती करता येते. पण सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून जास्त होता नयेत.

बरोबर आलेली मुलगी? "बसेल कोपऱ्यात, सोलील चार काजू," असं तिची आई म्हणेल. तुम्ही मात्र नाही म्हणा. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं गुन्हा आहे. शिवाय काजूच्या चिकाने हात कसे भाजतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. मोठ्या बायकांनाही हातमोजे तुम्हीच द्या.

आकडा वाढला तर? माणसं दहा झाली, की नेमणूकपत्र, राज्य कामगार विमा, ग्रॅच्युइटी आणि प्रसूती रजा यांचे नियम पाहावे लागतात. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समितीही नेमावी लागते. वीस झाली, की प्रॉव्हिडंट फंड. तेव्हा नववी बाई घेतानाच जाणकाराचा सल्ला घेऊन ठेवावा.

आणि घरची धुणंभांड्याची बाई? तिच्यासाठी राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या बाईची तिथे नोंद होते. ती तिला करायला सांगा. कुठल्याही घरात तिच्याशी कुणी वावगं वागलं, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला दाद मागता येते, हेही तिच्या कानावर घाला.

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे एक वही. नाव, दिवस, तास, ठरलेला दर, दिलेली उचल आणि समोर तिची सही किंवा अंगठा. दर शनिवारी ती वही तिच्यादेखत वाचून दाखवा. घरच्यासारखी म्हणता ना, मग हिशेबही घरच्यासारखाच चोख असू द्या.