वास्तुकलेची पदवी आणि महाविद्यालयीन जीवन : काही रूढ गैरसमज

वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. त्यांपैकी किमान एक सत्र एखाद्या व्यावसायिकाच्या कार्यालयात उमेदवारी करण्यात घालवावयाचे. एवढ्या दीर्घ मुदतीचा अभ्यास अंगावर घेणाऱ्या विद्यार्थ्यास प्रवेशाच्या वेळीच वडीलधाऱ्यांकडून आणि वरच्या वर्गांतील मंडळींकडून उपदेश होतो, तो असा की, नाटक, गायन, क्रीडा इत्यादी छंदांना आता पाच वर्षे रजा द्यावी. हा उपदेश सद्‌हेतूने केलेला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्या समजुतींवर तो उभा आहे, त्या तपासून पाहिल्यास टिकत नाहीत.

पहिली समजूत अशी की, हे उपक्रम या विद्येच्या कक्षेबाहेरचे आहेत. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली आपला एक विद्यार्थी-संघ स्थापन केला, गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि हाच संघ नामांतरे होत होत १९२९ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या अखिल भारतीय संस्थेच्या रूपाने पुढे आला. जर्मनीतील बाउहाउस या विख्यात विद्यालयात तर वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग १९२७ साली निघाला. रंगमंचाची कार्यशाळा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. चार्ल्स कोरिया यांनी अमेरिकेत शिकत असताना १९५५ साली नगररचनेवर एक चलच्चित्र तयार केले, तेच त्यांचा पदव्युत्तर प्रबंध म्हणून मान्य झाले. आपल्याकडे १९५७ पासून चालत आलेल्या ‘नासा’ या वास्तुविद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेत लुई कान यांच्या नावाचा करंडक वास्तूंच्या दस्तऐवजीकरणासाठी दिला जातो. त्यासाठी एखाद्या जुन्या वाड्याची भिंतन्‌भिंत फितीने मोजून तिचे आलेख काढताना विद्यार्थ्याला जोत्याची उंची, लाकडी खांबांमधील अंतर आणि चौकात उतरणारा प्रकाश यांचे जे ज्ञान हाताला व डोळ्याला होते, ते केवळ व्याख्यानाने होणे दुरापास्त आहे. एकांकिकेचे नेपथ्य उभारणारा विद्यार्थीही शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला काय दिसेल, चौकट कोणता भार सोसेल आणि मर्यादित खर्चात काय साधेल, हेच प्रश्न सोडवीत असतो.

दुसरी समजूत अधिक घातक आहे, आणि तिच्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे; ती म्हणजे रात्रभराचे जागरण हे निष्ठेचे प्रमाणपत्र होय. ज्यूरीच्या आदल्या रात्री ‘नाइट मारणे’ हा स्टुडिओतील जुना शिरस्ता आहे आणि त्याचा अभिमानही बाळगला जातो. वस्तुतः सतरा ते एकोणीस तास सलग जागलेल्या मनुष्याचे अवधान आणि प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०·०५ टक्के मद्यांश असलेल्या मनुष्याइतका खालावतो, असे प्रयोगांती दिसून आले आहे. अशा अवस्थेत धारदार कटर हाती घेऊन मॉडेल कापणे, अथवा पहाटे दुचाकीवरून घरी जाणे, हे उघड धोक्याचे आहे. अमेरिकेतील वास्तुविद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संस्थेने २००२ साली स्टुडिओतील या वहिवाटीविरुद्ध अहवालच प्रसिद्ध केला. त्यामागे रात्रभर काम करून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या अपघाती मृत्यूची वेदना होती. शिवाय जागरणाचे खरे कारण कामाच्या परिमाणात क्वचितच सापडते. गणिताचे उत्तर आले की गणित संपते. वास्तुरचनेला असा स्वाभाविक शेवट नाही, जिन्याची जागा पहाटे तीन वाजताही बदलता येते. म्हणूनच संकल्पनेचा निर्णय अमुक दिवशी पक्का करून त्यानंतर केवळ रेखांकन करावयाचे, अशी तजवीज ज्याने केली नाही, त्याला सगळे छंद सोडूनही रात्र पुरत नाही. उलट संध्याकाळी सहाला तालमीस पोहोचावयाचे ज्याने ठरविले आहे, त्याला दुपारीच निर्णय घेणे भाग पडते. या बाह्य मर्यादेचा उपकार फार थोड्यांच्या ध्यानात येतो.

याचा अर्थ जितके उपक्रम अधिक तितके व्यक्तिमत्त्व समृद्ध, असा कोणी काढील, तर तोही भ्रमच. नाट्यमंडळ, ढोलपथक, वार्षिक महोत्सवाची समिती आणि फुटबॉलचा संघ यांत एकाच सत्रात नाव घालणारा विद्यार्थी कोठेच मनाने उपस्थित नसतो, आणि त्याची हजेरी घसरली की दप्तरी नोंद होते ती वर्गाची, तालमीची नव्हे. एका सत्रात एकच जबाबदारी पत्करावी. आणि प्रबंधाच्या अखेरच्या वर्षी आयोजनाची सूत्रे धाकट्यांच्या हाती देऊन स्वतः सल्ल्यापुरते राहावे, हे मला इष्ट वाटते.

उरतो तो एक अन्याय्य समज : जो कशातच भाग घेत नाही, तो आळशी किंवा पुस्तकी. डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलच्या गर्दीत कागदांची नळी आणि मॉडेल सांभाळीत रोज मुंबईस येणाऱ्या मुलाचे दिवसाकाठी तीन-चार तास प्रवासातच जातात. कागद, माउंटबोर्ड आणि छपाई यांच्या खर्चासाठी कोणी सुटीत नोकरीही करतो. अशांना वगळून ठरविलेली रात्री आठची तालीम ही त्यांची उदासीनता सिद्ध करीत नाही. तालमी आणि समितीच्या बैठका मधल्या सुटीत अथवा तासिका संपताच ठेवाव्यात, आणि सबमिशनचे वेळापत्रक सत्रारंभीच सर्व मंडळांच्या चालकांना द्यावे. एवढी व्यवस्था प्राचार्यांच्या एका परिपत्रकाने होऊ शकते.