न मागितलेले देणे

ज्याला मागता येत नाही, त्याचेही देणे लागते काय? नीतिशास्त्रातील हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. कृत्याचे नैतिक मोल त्याच्या फळावरून किंवा कर्त्याच्या आवडीवरून ठरत नसून, ते कर्तव्यबुद्धीने केले की नाही यावरून ठरते, असे जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ च्या ग्रंथात प्रतिपादिले. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तही (१९१५) या मताचा परामर्श आहे.

या सिद्धान्ताची कसोटी पाहावयाची तर भामरागडच्या अरण्यातील हेमलकसा पाहावे. तेव्हाच्या चंद्रपूर व आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील या ठिकाणी बाबा आमटे यांनी १९७३ साली माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी तेथेच जाऊन राहिले. प्रारंभी माडिया लोक औषधास फिरकत नसत. त्यांनी कोणास बोलाविलेच नव्हते! करार नाही, मागणी नाही; मग बंधन आले कोठून? व्यवहारात देणे हे घेण्यातून उत्पन्न होते. कांटच्या मते नैतिक बंधनास तशा पूर्वीच्या घेण्याची गरज नाही. मनुष्य हा स्वतःच साध्य आहे, कोणाच्या हेतूचे साधन नव्हे. रोगी मागो वा न मागो, त्याचे मनुष्यत्व हीच मागणी. मात्र त्याच न्यायाने औषध त्याच्यावर लादताही येत नाही. म्हणून वाट पाहणे, माडिया भाषा शिकणे, हेही कर्तव्यातच आले.

येथवर कांट सोबत करतो. पुढे अडचण आहे. शिकारीहून परतणाऱ्या माडियांजवळ डॉ. प्रकाश यांना एकदा मेलेली माकडीण दिसली. जिवंत पिल्लू तिला बिलगून होते. मोबदला देऊन त्यांनी ते घेतले. त्यातूनच पुढे प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले आणि बिबटे, अस्वले तेथे वाढली. कांट १७९७ च्या ग्रंथात सांगतो की, पशूंशी क्रूरपणे वागू नये, कारण त्यामुळे माणसांविषयीची सहानुभूतीही बोथट होते. प्रत्यक्ष पशूचे आपल्यावर काही देणे नाही. हे उत्तर तोकडे आहे. त्यात पिल्लाच्या वेदनेला स्वतःची अशी जागाच नाही. बेंथॅम या इंग्रज विचारवंताने १७८९ मध्येच विचारशक्तीऐवजी वेदनेचा प्रश्न पुढे केला होता.

तथापि केवळ दयेवर भिस्त ठेवली असती तर शिकारी सहज दुष्ट ठरला असता. त्याने शिकार केली होती ती पोटासाठी. पिल्लू हिसकावून न घेता मोबदल्याने घेतले गेले, आणि त्या भुकेल्या माणसाचा हक्कही तेथे मानला गेला.