गाईची काळजी कशी घ्यावी?

आमच्या घरी दोन गाई आणि एक कालवड आहे. मोठीचे नाव चांदी, धाकटीचे हरणी. दोघी संकरित होल्स्टिन आहेत. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत जाते. दुधाच्या पगारातून किराणा, पेंड आणि माझ्या वह्या येतात. आजी म्हणते, गाय आजारी तर घर आजारी.

आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्याकडे डांगी गाई असतात. त्या दूध कमी देतात, पण डोंगरातल्या धो धो पावसात टिकतात. होल्स्टिन दूध लई देते, पण ती मूळची थंड देशातली. तिला ऊन सोसत नाही. म्हणून तिला जास्त जपावे लागते.

२०२२ साली लंपी आजार आला. तेव्हा मी पहिलीत होते. ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यात दिसला, मग आपल्याकडेही आला. हा आजार विषाणूमुळे होतो. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड तो पसरवतात. जनावराला ताप येतो, अंगावर गाठी येतात, पाय सुजतात, दूध आटते. माणसाला हा आजार होत नाही. त्या वेळी जनावरांचे बाजार बंद केले होते. गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत.

आमची एक कालवड होती, राणी. एक दिवस ती वैरण खाईना. कान पाडून उभी राहिली. मी आईला सांगितले. सगळे म्हणाले, पावसात भिजली असेल, होईल बरी. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी अंगावर गाठी दिसल्या. डॉक्टर आले, इंजेक्शने दिली, पण राणी गेली. आण्णांनी खोल खड्डा घेऊन तिला पुरले. डॉक्टर म्हणाले, "पहिल्याच दिवशी बोलवायला पाहिजे होते." तेव्हापासून रोज गाईंकडे बघायचे काम माझे आहे.

काय बघावे आणि काय करावे ते सांगते.

१) गाय रवंथ करते का ते बघावे. चांगली गाय दिवसातून सात-आठ तास रवंथ करते. रवंथ बंद म्हणजे काहीतरी बिघडले.

२) नाकपुडी ओली असावी. कोरडी दिसली तर ताप बघावा. गाईचा ताप साधारण १०१ ते १०२ डिग्री असतो. आपल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून नुसता हात लावून कळत नाही.

३) पाणी भरपूर ठेवावे. दुधात बहुतेक पाणीच असते. पाणी कमी पडले की दूध घटते.

४) धार काढण्याआधी कास धुवून कोरडी करावी. धार काढल्यावर सडांची तोंडे थोडा वेळ उघडी राहतात. गाय लगेच शेणात बसली तर त्यातून जंतू आत जातात आणि दगडी होते. म्हणून आई धार झाली की पुढ्यात घास टाकते. मग गाय उभी राहते.

५) वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा. त्यातून त्याला आजाराशी लढायची ताकद मिळते.

६) लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लंपीच्या लशी वेळेवर टोचून घ्याव्यात.

७) आजारी जनावर वेगळे बांधावे. गोठा कोरडा ठेवावा आणि गोचीड होऊ देऊ नयेत.

आपले पोट दुखले की आपण आईला सांगतो. गाईला सांगता येत नाही. म्हणून मित्रांनो, शाळेत येण्याआधी एकदा गोठ्यात जाऊन बघा. काही वेगळे दिसले तर त्याच दिवशी घरी सांगा. मोठ्या माणसांनी ऐकले नाही, तर परत सांगा.

— इयत्ता चौथी