कार्डावरील पॉइंटांचें मोल

पिंपरीहून चाकणकडे पहिल्या पाळीचीं माणसें घेऊन जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्यें पूर्वीं बोनस, ओव्हरटाइम आणि गांवाकडील पाऊस हे तीन विषय निघत. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे. कोणाला क्रेडिट कार्डावरील पॉइंटांवर मिक्सर मिळाला, कोणाला गोव्याचें विमानाचें तिकीट मिळालें, कोणाचे पॉइंट मुदत संपून फुकट गेले, ही चर्चा भोसरीपासून मोशीपर्यंत सहज पुरते. त्या चर्चेंत एक गोष्ट मात्र सहसा निघत नाहीं, ती म्हणजे त्या पॉइंटांसाठीं पडलेली किंमत. आज तिचाच हिशेब मांडावयाचा आहे. हिशेब म्हटला कीं आंकडे आलेच. परंतु ते घरच्या वाणसामानाच्या यादीहून अवघड नाहींत.

गिऱ्हाइकाला वर कांहीं देण्याची रीत जुनी आहे. मंडईंत भाजीवाली जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, ती हीच रीत. इंग्लंडमध्यें रॉचडेल येथील विणकरांनीं व इतर कारागिरांनीं १८४४ सालीं सहकारी दुकान काढलें, तेव्हां जो सभासद जितकी खरेदी करील त्या प्रमाणांत त्याला नफ्याचा वांटा परत देण्याचा नियम त्यांनीं केला. अमेरिकेंत १८९६ सालीं स्पेरी आणि हचिन्सन यांच्या कंपनीनें हिरवीं तिकिटें काढलीं. तीं वहींत चिकटवून वही भरली कीं संसारोपयोगी वस्तु मिळत. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें प्रवासाच्या मैलांवर तोच प्रयोग केला, आणि पुढें कार्डें देणाऱ्या बँकांनीं तो उचलला. रॉचडेलच्या दुकानांत परत मिळणारा पैसा सभासदांच्याच नफ्यांतला होता. कार्डावरील पॉइंटांचा पैसा कोठून येतो?

तो मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो. आपण कार्ड वापरलें कीं दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेंतून कांहीं शुल्क कापलें जातें; शंभरामागें तें बहुधा दीड-दोन रुपयांच्या आसपास असतें, आणि त्यांतील मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. दुसरा झरा म्हणजे पूर्ण बिल वेळेवर न भरणाऱ्यांचें व्याज. बसमध्यें शेजारीं बसलेला गृहस्थ चुकला तर त्याच्या व्याजांतून आपला मिक्सर येतो. आपण चुकलों तर आपल्या व्याजांतून त्याचा.

हें व्याज किती, तें एका उदाहरणानें पाहूं. शंभर रुपयांच्या खरेदीस एक पॉइंट मिळतो व एका पॉइंटाचे पंचवीस पैसे होतात, असें धरूं. चिखलीच्या एका कुटुंबानें महिन्यांत ४०,००० रुपये कार्डावर खर्च केले. पॉइंट झाले ४००. त्यांचे रुपये १००. बिलावर दोन आंकडे असतात, एक संपूर्ण रकमेचा आणि दुसरा ‘किमान देय’ रकमेचा. किमान रक्कम पांच टक्के धरली तर ती २,००० रुपये होते. कुटुंबानें तेवढीच भरली. राहिले ३८,०००. त्यांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनीं व्याज १,३३० रुपये, आणि व्याजावर अठरा टक्के जी.एस.टी. २३९ रुपये ४० पैसे. एकूण १,५६९ रुपये ४० पैसे. पंधरा महिने खपून जमविलेले पॉइंट एका महिन्याच्या व्याजांत गेले. शिवाय पूर्ण बिल एकदां चुकलें कीं बिनव्याजी मुदतहि जाते. जुन्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालूं होतें; मग ती खरेदी दुधाच्या पिशवीची कां असेना.

साडेतीन टक्के हा दर महिन्याचा आहे. वर्षाचे बेचाळीस होतात. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानें २००८ सालीं कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द केला, व ती मर्यादा उरली नाहीं. याच पुणें जिल्ह्यांत सुपें येथें मे १८७५ मध्यें शेतकऱ्यांनीं सावकारांकडील कर्जरोखे काढून जाळले. आजचा ऋणको आपला रोखा खिशांत बाळगतो, आणि तो सोनेरी आहे कीं काळा याचा त्याला अभिमान वाटतो. अर्थात् ही तुलना पुरती न्याय्य नाहीं. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याकडून कार्ड व्याज घेत नाहीं, सावकार इतका उदार नव्हता.

तेव्हां पॉइंटांचा विचार पगाराच्या तारखेपासून सुरू करावा. आपल्या पट्ट्यांत पुष्कळांचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत होतो. बिल निघाल्यावर तें भरण्यास साधारण अठरा-वीस दिवस मिळतात. बिल १५ तारखेस निघत असेल तर मुदत पुढील महिन्याच्या ३ ते ५ तारखेस संपते. आणि पगार ७ तारखेस होणाऱ्या माणसाच्या हातांत तेव्हां मागील पगाराची चिल्लर असते. तेंच बिल २२ तारखेस निघालें तर मुदत १० ते १२ तारखेपर्यंत जाते, आणि २३ तारखेस केलेली मोठी खरेदी दीड महिन्याहून अधिक काळ बिनव्याजी राहते. बिलाची तारीख अशी बदलून मागतां येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत व २०२४ च्या दुरुस्तींत किमान एकदां ही सोय देणें बँकांवर बंधनकारक केलें आहे. खात्यांतून रक्कम आपोआप वळती करण्याची सूचना द्यावयाची असेल तर ‘संपूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडावा. ‘किमान’ या पर्यायावर खूण राहून गेली, आणि बिलें नियमित भरलीं जात आहेत या समजुतींत वर्ष गेलें, असें घडूं शकतें.

आतां, पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठीं पुढील गोष्ट. पॉइंट हा रोख पैसा नव्हे. त्याचें मोल बँक ठरविते आणि बदलूंहि शकते. एकाच कार्डावरील पॉइंट बिलांत वळता केला तर वीस पैशांचा, बँकेच्या यादींतील वस्तु घेतली तर पस्तीस पैशांचा आणि विमानाच्या तिकिटाला लावला तर पन्नास पैशांचा, असे भेद आढळतात. परंतु ज्याला वर्षांतून दोनदां एस.टी.नें लातूरला जावयाचें आहे, त्याला त्या पन्नास पैशांचा उपयोग काय? यादींतील वस्तूची किंमतहि बाजारभावाशीं ताडून पाहावी. ती फुगविलेली असली तर पस्तीसाचे पंचवीसच उरतात. माझ्या मतें साध्या गृहस्थानें पॉइंट बिलांत वळते करावे, किंवा जेथें दरमहा किराणा भरतो त्या दुकानाचें व्हाउचर घ्यावें. कांहीं बँका पॉइंट मागण्यासच ९९ रुपये आणि त्यावर जी.एस.टी. घेतात, ते ११६ रुपये ८२ पैसे होतात. चिखलीच्या त्या कुटुंबानें ४०० पॉइंट लगेच मागितले तर शंभर रुपये मिळविण्यास एकशें सोळा द्यावे लागतील! म्हणून साठवून मागावे, पण मुदत पाहून; पुष्कळ कार्डांवर ती दोन-तीन वर्षांची असते.

पेट्रोल, घरभाडें, विमा, सरकारी कर यांवर पुष्कळ कार्डें पॉइंट देत नाहींत किंवा तुटपुंजे देतात. नाशिक फाट्याहून रोज दुचाकीनें चाकणला जाणाऱ्या आणि भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या तरुणाचा बराच खर्च नेमका यांतच असतो. जाहिरातींतील दर त्याला लागूच पडत नाहीं. हप्त्यांचेंहि तेंच. हप्त्यानें वस्तु घेणें या भागाला नवें नाहीं. आकुर्डी येथें बजाज ऑटो फायनान्स ही कंपनी १९८७ सालींच निघाली होती. परंतु कार्डावरील खरेदी हप्त्यांत रूपांतरित केली कीं तिच्यावरील पॉइंट अनेकदां रद्द होतात, आणि ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यालाहि प्रक्रिया-शुल्क असूं शकतें. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडतां येऊं लागलें, त्यामुळें चहाच्या टपरीवरहि उधारी शिरली. सोय मोठी खरी. पण संध्याकाळचा वडापाव उधारीचा आहे हें जिभेला कळत नाहीं.

आणि जो आधींच थकला आहे त्यानें पॉइंटांचा विचार सोडून द्यावा, कार्ड कांहीं काळ घरीं ठेवावें, आणि कारखान्यांत कामगारांची पतपेढी असेल तर तिच्याकडे जावें. वर्षाला दहा-पंधरा टक्क्यांचें कर्ज घेऊन बेचाळीस टक्क्यांचें फेडण्यांत कमीपणा नाहीं. थकबाकीची नोंद पत-माहिती कंपन्यांकडे जाते, आणि जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्यास पाठविण्याचा नियम लागू झाला. उद्यां मोशीला सदनिका घेण्यासाठीं गृहकर्ज मागतांना तीच नोंद बँकेच्या टेबलावर असेल.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. ‘आपले पॉइंट आज रात्रीं संपत आहेत, पुढील दुवा दाबा,’ असा संदेश पुष्कळांच्या फोनवर येतो. दुवा दाबला कीं बँकेसारखेंच दिसणारें पान उघडतें व कार्डाचा क्रमांक, मागील तीन आंकडे आणि ओटीपी मागतें, किंवा एखादें अॅप उतरवून घेण्यास सांगतें. पॉइंट पाहावयाचे असतील तर बँकेचें स्वतःचें अॅप आपण होऊन उघडावें, संदेशांतील दुव्यावरून नव्हे. फसवणूक झालीच तर प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करवावें, आणि लागलीच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीं अडवितां येण्याचा संभव पहिल्या कांहीं तासांतच अधिक असतो.