अपक्षाच्या हाती अकरा दिवस

महापालिका समजून घेताना : भाग ७

चार सदस्यांचा प्रभाग कसा आखतात आणि त्यातल्या जागांचे आरक्षण कसे ठरते, हे आपण मागच्या भागात पाहिले. आज त्याच प्रभागात पक्षाशिवाय उभ्या राहणाऱ्या उमेदवाराचा विचार करू. पाण्याचा, कचऱ्याचा, पदपथाचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरणाऱ्या कार्यकर्त्याला पुण्यात कधी ना कधी कोणीतरी विचारतेच, ‘अहो, तुम्हीच का उभे राहत नाही?’ या प्रश्नाला भावनेच्या भरात होकार देऊ नये आणि घाबरून नकारही देऊ नये. आधी कायदा पाहावा, मग हिशेब मांडावा.

कायद्याने वाट अडवलेली नाही. वय २१ वर्षे पूर्ण हवे आणि शहराच्या मतदार यादीत नाव हवे. सूचक मात्र त्याच प्रभागाचा मतदार लागतो. सर्वसाधारण जागेसाठी अनामत ५ हजार रुपये, राखीव प्रवर्गातील उमेदवाराला त्याच्या निम्मी. मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. महापालिकेची थकबाकी असता कामा नये, पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असता कामा नये. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर उमेदवारी बाद होते. हे सगळे नियम पक्षाच्या उमेदवारालाही लागू आहेत. अपक्षाकडे नसतो तो फक्त पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र.

खरी अडचण वेळापत्रकात आहे. ताजी निवडणूकच पाहा. आरक्षणाची सोडत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी निघाली, कार्यक्रम १५ डिसेंबरला जाहीर झाला. २३ ते ३० डिसेंबर अर्ज भरणे, ३१ला छाननी, २ जानेवारीपर्यंत माघार, ३ जानेवारीला चिन्हवाटप. प्रचार १३ तारखेला संपला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह मतदाराला आधीपासून पाठ असते. अपक्षाला मात्र आपली कपबशी की शिट्टी हे ३ जानेवारीला कळते. म्हणजे चिन्ह हाती घेऊन फिरायला दिवस मिळतात जेमतेम अकरा.

आता क्षेत्र बघा. पुण्यात १६५ जागा आणि ४१ प्रभाग आहेत. त्यातले ४० प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. शहराचे मतदार सुमारे ३५ लाख, म्हणजे सरासरी एका प्रभागात ८५ हजार. एका घरात चार मतदार धरले तरी एकवीस हजारांहून जास्त घरे झाली. अकरा दिवस, रोज बारा तास फिरले तर मिनिटाला अडीचहून अधिक दारे वाजवावी लागतील. त्यात सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी आत सोडेल की नाही, हा प्रश्न वेगळाच.

खर्चाचेही तसेच. या वेळी पुण्यात एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये होती. ती सर्वांना सारखी दिसते, पण पक्षाचे चार उमेदवार एकत्र असतात. एकच पत्रक, एकच रिक्षा, एकच कोपरा सभा चौघांचा प्रचार करते आणि खर्च चौघांत वाटला जातो. अपक्षाला तेच पत्रक तेवढ्याच घरांत एकट्याच्या पैशाने पोहोचवावे लागते.

शेवटी मतदान यंत्रापाशी येऊ. मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची असतात. पक्षाच्या मतदाराचे काम सोपे असते, ओळखीचे चिन्ह चार ठिकाणी शोधायचे आणि चार वेळा बटण दाबायचे. अपक्षाच्या मतदाराला आधी आपला माणूस कोणत्या गटात आहे हे लक्षात ठेवावे लागते, मग त्याचे नवे चिन्ह शोधावे लागते आणि उरलेल्या तीन जागांचा निर्णयही घ्यावा लागतो. ‘तुम्हाला मत देणार’ म्हणणारा माणूस इथे गोंधळतो. म्हणून अपक्षाच्या प्रत्येक पत्रकावर नावाइतकेच ठळक ‘क’ किंवा ‘ड’ हे अक्षर असायलाच हवे.

पुण्यात हे नेहमीच असे नव्हते. २००७मध्ये इथे एक सदस्य, एक प्रभाग होता. २०१२मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग आले, २०१७मध्ये चार सदस्यांचे. मुंबईत मात्र एकसदस्यीय पद्धत टिकली. तिथेच २००७मध्ये जुहूच्या नागरिकांनी एकमताने निवडलेले अडॉल्फ डिसोझा अपक्ष उभे राहिले आणि नगरसेवक झाले. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, पण आधीच संघटित झालेली वस्ती होती आणि पायी फिरता येईल एवढा प्रभाग होता.

याउलट २०१७मध्ये पुण्यात एबी फॉर्मच्या वादात रेश्मा भोसले यांना कमळ चिन्ह मिळाले नाही. त्या भाजपच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून लढल्या आणि जिंकल्या. कागदोपत्री दोघेही अपक्षच. पण एकाच्या मागे नागरिकांचे संघटन होते, दुसऱ्याच्या मागे पक्षाची यंत्रणा. निकालाच्या यादीतले ‘अपक्ष’ वाचताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

निवडून आल्यावरचा नियमही आधीच माहीत हवा. स्थायी समितीसारख्या समित्यांतल्या जागा सभागृहातील पक्षांच्या बळानुसार वाटल्या जातात. एकट्या अपक्षाच्या वाट्याला त्यात सहसा काही येत नाही. निकाल अधिसूचित झाल्यापासून महिनाभरात आघाडी करून तिची नोंदणी करण्याची मुभा कायदा देतो. पण नंतर केव्हाही एखाद्या पक्षात उडी मारली तर पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जाऊ शकते. तेव्हा कोणाबरोबर बसणार, हे उमेदवाराने मत मागतानाच मतदारांना सांगावे. तेवढा त्यांचा हक्क आहे.

मग नागरिकाने उभेच राहू नये का? जरूर राहावे, पण तयारी आजपासून करावी. महेश झगडे आयुक्त असताना २००९मध्ये पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी नागरिकांना फायली पाहू देण्याची प्रथा सुरू केली होती. आपल्या भागातल्या एका रस्त्याची निविदा आणि देयक हे दोन कागद मिळवून प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिले, तर दहा भाषणांतून कळत नाही एवढा कारभार कळतो. २००६पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जातात. गल्लीतल्या पन्नास घरांनी मिळून एक काम सुचवले आणि ते पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा केला, की ती पन्नास घरे उमेदवाराला नावाने ओळखू लागतात. मतदार यादी आताच तपासावी. आणि प्रभागातल्या चारही जागांसाठी चार विश्वासू माणसे शोधावीत. चिन्हे वेगळी मिळाली तरी पत्रक एक, सभा एक आणि जाहीरनामा एक ठेवता येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. चार सदस्यांच्या प्रभागात नाला तुंबला तर जाब नेमका कोणाला विचारायचा, हे मतदारालाही कळत नाही. शहराच्या लोकशाहीसाठी एक सदस्य, एक प्रभाग हीच पद्धत योग्य आहे. ती मागणी अपक्षांनी तर करावीच, पण ज्यांना कधीच उभे राहायचे नाही अशा प्रत्येक पुणेकरानेही करावी. नगरसेवक आपल्या ओळखीचा असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

(पुढील भागात : उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब कोण, कसा तपासतो?)